पारास्काच्या क्रुसावर काय लिहायचं

आमच्या गावात माणूस मेला की बोलायला लागतो. ओकच्या लाकडाचा उंच क्रूस करायचा, निळा रंगवायचा, वर त्या माणसाचं चित्र कोरायचं आणि खाली चार ओळी, त्याच्याच तोंडच्या. मी अमुक, मी असा जगलो. दारू पीत असेल तर दारू येते, सून छळत असेल तर सूनही येते. जिवंतपणी आम्ही एकमेकांशी गोडच बोलतो. खरं बोलायची सोय कब्रस्तानात केलेली आहे.

हे कोरायचं काम कित्येक वर्षं गाव्रिला स्तेत्सूकडे आहे. मयताच्या जेवणाला तो कोपऱ्यात बसतो, आलुबुखारांच्या दारूचा एकच पेला पुरवून पुरवून पितो आणि लोक काय बोलतात ते ऐकतो. ओळी त्यातूनच निघतात. पारास्का ब्लेद्या वारली तेव्हा मात्र त्यानं जेवणाला येऊ नये असं अर्ध्या गावाला वाटत होतं. आला नसता तर त्याच लोकांनी नावं ठेवली असती.

पारास्काचा उजवा हात गाव्रिलामुळे गेला होता. दोघं ऐन तारुण्यात लाकडाच्या गिरणीत कामाला होते. जेवणाच्या सुटीत ती करवतीखालचा भुसा ओढत होती. सुटी संपल्याचा भोंगा झाला, आणि गाव्रिलानं कोणाच्या तरी विनोदावर हसत, न बघता यंत्र सुरू केलं. एवढंच झालं. त्यात दुष्टपणा नव्हता, दारू नव्हती, काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःला सांगायला एकही कारण सापडलं नाही.

पुढे पारास्कानं लग्न केलं, तीन मुलं वाढवली, नवरा गेल्यावर शेत एकटीनं सांभाळलं आणि म्हातारपणी डाव्या हातानं आपलं आयुष्य लिहून काढलं. शाळेतल्या मास्तरांनी ते छापून आणलं. आता गावात बायबल नसलेलं घर सापडेल, पण पारास्काचं पुस्तक नसलेलं सापडणार नाही.

त्यामुळे जेवणाला दुसरा विषयच नव्हता. प्रसादाच्या उकडलेल्या गव्हाचं ताट फिरत होतं आणि जो तो आपल्याला आवडलेलं पान सांगत होता. वनरक्षकाची विधवा इरिना म्हणाली, तिला गवतकापणीचं पान आवडतं. पारास्का लांब विळ्याचा दांडा खांद्याला पट्ट्यानं बांधून पहिल्यांदा कापायला उतरली, कुंपणावर सगळं गाव बघायला लोटलं, आणि ती म्हणाली, मदतीला या नाहीतर घरी जा, तमाशाचे पैसे मी घेत नाही. गेले निम्मे. कुंपणावर इरिनाही होती, हे तिनं आता हसून कबूल केलं. पोस्टमन इलियेला वेणीचं पान पाठ होतं. एक बट दातात धरून ती मुलीची वेणी घालायची, वेणी वाकडी व्हायची, आणि शाळेत सांग हीच नवी पद्धत आहे, असं मुलीला शिकवायची. पाद्री अजून पोरगेलाच आहे. त्याला आवडलेलं पान वेगळं होतं. आम्ही क्रुसाची खूण उजव्या हातानं करतो. हात गेल्यावर पारास्का देवळाची पायरी चढेना. तेव्हाचे म्हातारे पाद्री तिच्या घरी आले आणि म्हणाले, डाव्या हातानं कर, पोरी, देव समोरून बघतो, त्याला तो उजव्या बाजूलाच दिसेल.

लोक हसले, डोळे पुसले. मग तोदोसिया बोलली. तोदोसियाचा नवरा दारूडा होता. तो दुसरीचा हात धरून परदेशी गेला होता आणि आता आजारी होऊन परत आला होता. ती त्याला रोज जेवायला वाढते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं हळूच सांगितलं की तिला माफीचं पान आवडतं.

मग सगळेच म्हणाले की हो, तेच. गिरणीतल्या त्या मुलाला मी मनापासून माफ केलं, असं त्या पानावर लिहिलं आहे. नाव दिलेलं नाही. पण आमच्याकडे नाव द्यायची गरज कोणाला असते? सरपंचाची बायको म्हणाली, क्रुसावर तेच यायला हवं, बाहेरून कब्रस्तान बघायला येणारे लोकही दोन अश्रू ढाळून जातील. सगळ्यांनी गाव्रिलाकडे पाहिलं. त्यानं पेला खाली ठेवला आणि टोपी उचलून तो निघून गेला.

लोकांना वाटलं, लाजला. खरी गोष्ट वेगळी होती.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या आदल्या रविवारी आम्ही दारोदार जाऊन एकमेकांची माफी मागतो. समोरच्यानं म्हणायचं, देव माफ करो. शेजाऱ्याची कोंबडी मारली असेल तरी हेच, काही केलं नसेल तरी हेच. गाव्रिला दरवर्षी पारास्काच्या फाटकापाशी जायचा. ती बाहेर यायची, देव माफ करो म्हणायची आणि आत जायची. तिचं वागणं कधी वाईट नव्हतं. पण त्याला देवाची माफी नको होती, तिची हवी होती. पुस्तक आलं त्या वर्षी त्यानं ते पान उभ्याउभ्या वाचलं आणि पुढच्या माफीच्या रविवारी धुतलेला सदरा घालून तो गेला. आता ती स्वतःच्या तोंडानं म्हणेल, अशी आशा होती. पारास्का त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, देव माफ करो.

तेव्हापासून त्याला कळत नव्हतं की पुस्तक खरं की फाटक खरं. क्रुसावर खोटं कोरायचं नाही, हा त्याच्या गुरूनं घालून दिलेला एकच नियम होता. आणि इथे खोटं कोरलं तर त्याचा फायदा त्यालाच होणार होता. वर्षानुवर्षं जे शब्द ऐकायला तो तडफडला, ते मेलेल्या बाईच्या तोंडात त्यानं स्वतःच्या हातानं घालायचे! त्यापेक्षा हात तोडून घेतलेला बरा, असं मनात आलं आणि त्या विचाराचीही त्याला शरम वाटली.

उन्हाळा लागला तरी क्रूस होईना. चित्र झालं होतं, गवत कापणारी पारास्का, एका हाताची. खालची फळी कोरीच होती. लोक कुजबुजू लागले. शेवटी पारास्काची मुलगी इलियाना भर दुपारी त्याच्या कामाच्या पडवीत आली आणि भुशातच बसली.

"काका, आई अजून मुकीच आहे. कधीपर्यंत ठेवणार तिला?"

गाव्रिलानं कोऱ्या फळीवरून हात फिरवला. मग त्यानं विचारून टाकलं.

"ते पान खरं होतं का गं?"

हे आपल्याला विचारलं जाणार हे इलियानाला ठाऊक होतं, पण तरी जड गेलं.

"आईनं शेवटच्या आठवड्यात सांगून ठेवलंय. म्हणाली, गाव्रिलानं विचारलं तरच सांग, आपणहून नको. पुस्तकातलं खरं होतं, पण रोज खरं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे लिहिलं त्या दिवशी खरं होतं. मग तुम्ही फाटकापाशी आलात की नसलेला हात ठणकायला लागायचा. तुमच्या तोंडावर खोटं बोलवेना, म्हणून देवावर ढकलायची. तुम्ही गेलात की रडायची. म्हणायची, पुढच्या वर्षी बघू."

गाव्रिलानं मान खाली घातली. त्याला वाटलं होतं, असं काही ऐकलं तर आपण कोसळू. पण छातीत काहीतरी सैल झालं. ती आपल्याला विसरून गेली असेल, आपण तिच्या लेखी शेजाऱ्यांतले एक असू, याचंच त्याला खरं भय होतं. इतकी वर्षं फाटकाच्या दोन्ही बाजूंना एकच ओझं होतं, हे त्याला आज कळलं. इलियाना निघाल्यावर त्यानं पटाशी हातात घेतली.

क्रूस उभा केला त्या दिवशी गाव लोटलं. पाद्र्यानं पाणी शिंपडलं आणि ओळी मोठ्यानं वाचल्या.

उजवा हात करवतीला, डाव्यावर संसार केला,
पुस्तकात लिहून गेले, माफ केलं गाव्रिलाला.
काही दिवशी खरंच केलं, काही दिवशी जमलं नाही,
प्रयत्न मात्र सोडला नव्हता, मरेपर्यंत एकदाही.

सरपंचाच्या बायकोचं तोंड उतरलं, कारण ऐकायला आली होती ते हे नव्हतं. नाव कोरलं म्हणून काहींनी एकमेकांकडे बघितलं. गाव्रिला टोपी हातात घेऊन, कोणी काय म्हणेल ते ऐकायच्या तयारीनं उभा होता. हळूहळू लोक पांगले.

तोदोसिया तेवढी मागे राहिली. तिनं ओळी पुन्हा वाचल्या, ओठ हलवत. नवऱ्याचं जेवण तिनं घरी झाकून ठेवलं असणार.

"काका, ते पुस्तकातलं पान मला आवडतं म्हणाले ना मी," ती म्हणाली, "खरं सांगू, मला त्याची भीती वाटायची. वाचलं की वाटायचं, मीच वाईट. तिला जमलं आणि मला जमत नाही."

तिनं डोक्याच्या रुमालाच्या टोकानं नाक पुसलं आणि शेवटच्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"एवढं होईल माझ्याच्यानं."