ठकीची दुपारची धार

भूत कसं तयार करतात ते मला चांगलं ठाऊक आहे. दोन पांढऱ्या चादरी, एक हिरवा बल्ब आणि पडद्यामागे पत्र्याचा डबा बडवायला एखादी दणकट मुलगी. दौंडच्या शाळेत मी मराठी शिकवते आणि गॅदरिंगची नाटकं बसवते. अशी भुतं मी दरवर्षी उभी करते आणि दुसऱ्या दिवशी धुऊन दोरीवर वाळत घालते. त्यामुळे तुमच्या या सदरातले भुताखेतांचे अनुभव वाचून मी आजवर पोटभर हसत आले... आता हसायची पाळी तुमची. खुशाल हसा.

गोष्ट २००४ च्या थंडीतली. माझे मामा मांडवगण फराट्याचे. घरात कधीकाळी मेंढरं होती, आता ऊस आणि एक म्हैस. मामांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय थोडक्यात वाचला, जीभ तर आठवड्यात पहिल्यासारखी चालायला लागली, पण उजवा हात साफ गेला. व्यायाम आणि औषधपाणी नीट व्हावं म्हणून मी त्यांना दौंडला माझ्या घरी आणलं.

मामांनी त्या हाताचं नाव ठेवलं ‘पाहुणा’. जेवताना डाव्या हातानं त्याला उचलून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, “पाहुण्याला बसाया जागा द्या.” मी मुठीत रबरी चेंडू दिला की विचारायचे, पाहुण्याला कुणी काम सांगतं व्हय? आम्ही हसायचो. पण एकदा मी चहा घेऊन गेले, तर ते डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून मिटत होते आणि ती पुन्हा उघडी पडत होती. मला बघताच त्यांनी हात शालीखाली सरकवला. त्या दिवसापासून त्यांनी चेंडूला बोट लावलं नाही.

आता ठकी. ठकी म्हणजे मामांची म्हैस. तिचं रेडकू जन्मताच दगावलं, तेव्हापासून ती फक्त मामांच्या हाताला पान्हा सोडायची. मामी बसली की लाथ. मामेभाऊ बापू बसला की लाथ आणि वर शेपटीचा फटका. बापूनं एकदा मामांची बंडी घातली, टोपी घातली, त्यांची तंबाखूसुद्धा तोंडात धरली आणि खाकरत खाकरत खाली बसला. ठकीनं वळून त्याला नीट हुंगलं... आणि मग चरवी जी उडवली ती थेट उकिरड्यात. इंजेक्शन देऊन दूध काढायचं मामांना पटत नसे. ठकी आटायला लागली होती. बापूनं व्यापाऱ्याशी बोलणी केली. ही बातमी मामांना कळली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “हात न्हाई तर म्हस कशाला?” आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

त्याच सुमारास दौंडच्या एका दवाखान्यात पुण्याहून एक तरुण डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांच्याकडे मेंदूच्या लाटा मोजायचं मशीन होतं. डोक्याला वायरींची टोपी चढवायची आणि समोरच्या पडद्यावर रेघा बघायच्या. त्यांनी मला समजावलं ते असं: हात स्वस्थ असतो तेव्हा मेंदूच्या हात चालवणाऱ्या भागात एका लयीत लाटा उठत असतात. माणूस हात हलवायला गेला की त्या लाटा दबतात. हात हलला नाही, पण लाटा दबल्या, तर समजायचं की हुकूम निघतोय, पोचत मात्र नाही. अशा हाताला आशा असते.

मामांना टोपी चढवली. ते म्हणाले, “मेंढराला गोचिडं लागल्यावानी दिसत असंल मी.” बाई हसल्या आणि म्हणाल्या, “मामा, उजवी मूठ वळायचा प्रयत्न करा.” लाटा ढिम्म. परत सांगितलं. ढिम्म. बाईंचा चेहरा उतरत चालला. मला मात्र वाटलं, या माणसानं आयुष्यात कधी रिकामी मूठ वळली आहे का? खुरपं, कासरा, चिलीम... मुठीत काहीतरी असायचंच. आणि माझी नाटक बसवायची खोड गेली नाही. मी दारातूनच म्हटलं, “मामा, ठकीची धार काढा.”

मामांनी डोळे मिटले. पडद्यावरच्या, मेंदूच्या डाव्या बाजूच्या, म्हणजे उजव्या हाताच्या लाटा एखाद्यानं तळहातानं दाबाव्यात तशा खाली बसल्या. बाई खुर्चीतून उठल्या. हात गादीवर तसाच पडून होता, पण मशीनच्या मते तो चांगला कामाला लागला होता.

आम्ही आनंदात रिक्षानं घरी आलो, तर फोन वाजत होता. मामी. आवाज असा की मला वाटलं गोठ्याला आग लागली.

“शालू, ठकीनं दूध सोडलं गं. भर दुपारी. खाली कुनी न्हाई, हात न्हाई, कायबी न्हाई. एकाच सडातनं, चुळ चुळ चुळ... समदं जमिनीवर गेलं.”

कोणत्या सडातून, मी विचारलं. मामांच्या उजव्या हाताला येतं त्याच, असं ती म्हणाली.

मी मामांना काही सांगितलं नाही. तुंबलेली कास, आपोआप गळली असेल, असं मी स्वतःला बजावलं. मग वाटलं, एवढं सोपं असेल तर पुन्हा बघायला काय हरकत आहे? नाटक बसवणाऱ्या बाईला तालमीची सवय असते.

पुढच्या तपासणीच्या दिवशीच संध्याकाळी व्यापारी ठकीला न्यायला येणार होता. बापूनं कुरकुरत घरातल्या फोनची वायर वाढवून तो गोठ्याच्या दारापर्यंत आणला. मामीनं सडाखाली चरवी ठेवली आणि रिसीव्हर कानाला लावून दूर बसली. इकडे मी नवाकोरा मोबाईल पदराखाली लपवून खोलीच्या दारात, पडद्याआड उभी. मशीनमुळे आत मोबाईल न्यायला बंदी होती, पण मला तिथून मशीन दिसत होतं. बाईंना, मामांना कशाचा पत्ता नाही. आणि आत काय चाललंय ते मी मामीला एका शब्दानं सांगणार नव्हते. फसवायचंच असेल तर मला आधी फसवा, असा माझा बाणा.

बाई म्हणाल्या, “काढा मामा.” लाटा दबल्या. माझ्या कानात मामी, “सुटलं गं.”

बाई म्हणाल्या, “आता थांबा.” लाटा उसळल्या. मामी म्हणाली, “थांबलं.”

पुन्हा काढा. सुटलं. पुन्हा थांबा. थांबलं. माझ्या अंगावर जो काटा आला तो साडीतून टोचायला लागला. मग बाईंनी परत थांबायला सांगितलं... आणि लाटा काही उसळेनात. दबल्या त्या दबलेल्याच.

“मामा, थांबा म्हटलं ना मी,” बाई म्हणाल्या.

मामा डोळे न उघडता बोलले, “अशी अर्ध्यात कशी सोडू बाई? कास दुखंल तिची.”

आणि त्याच क्षणी फोनमधून मामी, “शालू, आता थांबंना की गं ही. चरवी भरत आली.”

मला राहवलं नाही. दाराचा पडदा सारून आत गेले. बाई मोबाईल मोबाईल म्हणून ओरडल्या, पडद्यावरच्या रेघा वेड्यावाकड्या झाल्या, आणि मी फोन मामांच्या कानाला लावला. पलीकडून मामीनं रिसीव्हर चरवीजवळ धरला असणार. मामा ऐकत राहिले. आधी कपाळाला आठी पडली. मग ती गेली. धारेचा आवाज मामांना मी काय सांगायचा?

“ही माझी धार हाय,” ते हळूच म्हणाले. “अंगठा मुडपून वढल्याली.” मग थोड्या वेळानं, “बापूला म्हनावं, व्यापाऱ्याला चहा पाज आन् वाटंला लाव.”

घरी आल्यावर त्यांनी चेंडू मागितला. पाहुणा म्हणणं त्या दिवसापासून बंद झालं. दिवसभर चेंडू, वाटाणे उचलणं, माझ्या साड्यांना पिना लावणं... घरातल्या प्रत्येक कामात हात. आणि दुपारी डोळे मिटून बसायचे, तिकडे मामी चरवी ठेवायची. आधी अंगठा हलला, मग दोन बोटं. शिमगा आला तोवर मूठ वळायला लागली होती, सैलसर का होईना.

मामा गावी निघाले तेव्हा डॉक्टरीणबाई गाडीत आमच्याबरोबर. मी सगळं सांगितल्यापासून त्यांना झोप नव्हती. मामा ठकीखाली बसले. ठकीनं त्यांना हुंगलं, डोळे अर्धे मिटले. उजव्या हाताची पकड अजून कच्ची होती. बाई माझ्या कानात कुजबुजल्या की एवढ्या जोरात दूध निघणं शक्य नाही. निघालं. दोन्ही हातांना सारखं. मामी पदरानं डोळे पुसत हसत होती आणि बापू टोपी काढून उभा होता.

मग बाईंनी विनंती केली, मामा, आता हात न लावता एकदा काढून दाखवा, दौंडला काढायचात तसं. मामा बाजूला झाले, डोळे मिटले. एक थेंब नाही. ठकीनं शेपूट तेवढी बाईंच्या पांढऱ्या ओढणीवर फिरवली.

“आता हात हाय की,” मामा म्हणाले. “तिला बी कळतंय.”

बाईंनी बराच विचार केला. म्हशीचं शरीर, सवय, वेळ, योगायोग... यातलं काहीच दोन्हीकडच्या सुटण्या-थांबण्याला लागू पडेना. शेवटी त्या म्हणाल्या की मामांचा हात सुधारला एवढंच मी लिहिणार, म्हशीचं तुम्ही लिहा. म्हणून लिहिते आहे. मला अजूनही उत्तर माहीत नाही, आणि खरं सांगू का, शोधायची घाईही नाही.

फक्त एक राहिलं. दोनेक वर्षांनी मामा माझ्याकडे पाहुणचाराला आले होते. दुपारी पुरणपोळी हाणून माझ्या दिवाणावर आडवे झाले आणि घोरायला लागले. उजव्या हाताची बोटं झोपेतच आळीपाळीनं मिटत होती, उघडत होती. मी गंमत बघत उभी होते, तेवढ्यात फोन वाजला.

“शालू,” मामी म्हणाली, “त्यांना आधी उठव. म्या चरवी ठेवली न्हाई.”