मामाचा फेटा

रतनमावशी साडी नेसून बघायचे ती आरशाकडे पाठ करून. सिरसाळ्याच्या आमच्या कापडदुकानात अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माणसाएवढा आरसा बसवून घेतला होता आणि त्याचं त्यांना भारी कौतुक. गिऱ्हाईक आलं की आधी आरसा दाखवायचे, मग कापड. मावशींनी त्या आरशाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. पायजमा-शर्टावरच नऊवार चापूनचोपून नेसायचे, दुकानात बसलेल्या बायकांपुढून दारापर्यंत चालून यायचे आणि विचारायचे, "बायांनो, खरं सांगा, चालतीया का?" अप्पा कुरकुरले की म्हणायचे, "आरशात माणूस आपलंच तोंड बघत बसतंय, अप्पा. साडी लोकांनी बघायची असती."

मावशी म्हणजे चांगला उंचापुरा पुरुष. नाव रतन. तमाशाच्या गवळणीत गौळणींची म्होरकी असते, कृष्णाशी हुज्जत घालणारी, ती मावशी पुरुषानेच करायची असते. रतन ती वर्षानुवर्षं करत आले, म्हणून सगळा तालुका त्यांना मावशीच म्हणे. आम्हीही "मावशी आले", "मावशी गेले" असंच बोलायचो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटायचं नाही.

धारूरच्या डोंगरात मेंढरं राखणाऱ्या घरातला हा पोरगा. गळा गोड होता म्हणून एका फडमालकाने त्याला उचललं आणि वगात राणी केलं. ती राणी मी पाहिली नाही, पण आमच्या आईने माहेरच्या यात्रेत पाहिली होती. सकाळच्या खेळाला बायाही जायच्या. घरी आल्यावर आई आणि तिच्या बहिणी तसा पदर घेऊन बघायच्या म्हणे, कुणालाच जमला नाही. पुढे वय झालं, हनुवटी जड झाली, राणी गेली आणि मावशी आली. मी एकदा विचारलं, वाईट नाही का वाटलं? "राणीला लोक टाळ्या देत्यात," ते म्हणाले, "मावशीला हाका मारत्यात. मला हाका बऱ्या." हे बोलताना ते हसले होते, पण माझा त्या हसण्यावर आता पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही.

यात्रेत गावकऱ्यांनी मावशीला भर खेळात साडीचोळी करायची, अशी आपल्याकडे पद्धत होती. कुणी हौसेने करायचा, कुणी थट्टेने. मावशी दोन्ही सारख्याच मानाने पदरात घ्यायचे. त्यातल्या कामाच्या दोनचार साड्या ठेवून बाकीच्या पावसाळ्यात, फड बंद असताना, ट्रंकेतून बाहेर निघायच्या. गल्लीतल्या म्हाताऱ्या त्यांच्या ओसरीवर गोधड्या शिवायला बसायच्या. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याकडे निघतात. शाळेसाठी मागे राहिलेली लेकरं आजीजवळ नाहीतर शाळेतल्या वसतिगृहात थंडी काढतात. त्या लेकरांसाठी या गोधड्या. म्हाताऱ्यांना मावशींची एकच ताकीद असे. "जरीचा काठ पायाकडं, पदराचं मऊ तोंडाकडं. थंडी वाजली की लेकरू पांघरूण तोंडावर वढतंय." आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी राणीचा शालू अंगावर घेऊन झोप काढली आहे.

वसतिगृहाला दाणे कमी पडले की मावशी आठवडी बाजारात नथ, बुगड्या घालून पूर्ण सजून उतरायचे. ज्वारीच्या व्यापाऱ्यांची मग पंचाईत व्हायची. एकाने मूठभर ज्वारी झोळीत टाकली तर मावशींनी कमरेवर हात ठेवून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "कावून रे? तुझ्या घरी मावशी न्हाई का? तिच्या ताटात बी असाच हात आखडतू?" बाजार हसला आणि त्या माणसाने निमूटपणे पोतं सोडलं. दुसऱ्या आठवड्यात तोच मावशींना चहाला घेऊन आमच्या दुकानात आला.

असा हा माणूस एकाच ठिकाणी गप्प व्हायचा, आमच्या फेट्यांच्या फळीपुढे. साड्यांची खरेदी झाली की तिथे घुटमळायचा, एखाद्या फेट्याच्या पोताला बोट लावायचा. एक दिवस त्यांनी केशरी फेटा काढायला लावला आणि म्हणाले, "अप्पा, ह्यो बाजूला ठिवा. आमच्या सुरेखाच्या लग्नाला लागंल." सुरेखा ही त्यांची एकुलती भाची, तेव्हा शाळेत होती. लग्नात नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि फेटा बांधतात तो तिच्या आईबापांनी केलेल्या आहेरातला. म्हणून मावशींनी तो विकत घेतला नाही, नुसता निवडून ठेवला. अप्पांनी कागदात गुंडाळून तो वरच्या कोपऱ्यात ठेवून दिला.

सुरेखाची आई गंगाक्का धारूरला बऱ्या घरात दिलेली. तिच्या सासरी नाचणाऱ्या भावाला उंबरा बंद होता. भाऊबीजेला मावशी एसटीने धारूरला जायचे आणि गंगाक्का पदराखाली ताट झाकून स्टँडवर यायची. तिथेच, रसवंतीच्या आडोशाला, तळव्याने वारा अडवत ती भावाला ओवाळायची. मावशी परत येऊन याचं कौतुक सांगायचे. "दिवा एकदा बी विझू दिला न्हाई गंगीनं," म्हणायचे.

सुरेखाचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी करायला, ती मंडळी आमच्याच दुकानात आली. एकेका नातलगाचं नाव निघत होतं, त्याचं कापड बाजूला पडत होतं. मामाचं नाव काही निघेना. शेवटी अप्पाच म्हणाले, "मामाचा फेटा ठेवलाय बाजूला. काढू का?" गंगाक्काचा नवरा म्हणाला, "मामा म्हणून हिचा चुलतभाऊ उभा राहतोय, अप्पा. रतनला एखादी झकास साडी द्या. त्याला त्येच आवडतंय." बोलण्यात खोच नव्हती. निदान आमंत्रण तरी करायचं, असा त्याचा मोठेपणा होता. मला राग आला तो त्यामुळेच जास्त. गंगाक्काने नवरीची साडी निवडावी इतकं मन लावून गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावले आणि जांभळी, रुंद काठाची साडी काढली. बस्त्यातली सगळ्यात चांगली साडी ती होती. भावाचा मान आपण राखला, असं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि साडी बांधायला घेतली.

लग्नाला मी आणि अप्पा गेलो होतो. मावशी पांढरंशुभ्र धोतर, सदरा घालून आले होते आणि डोकं बोडकं ठेवलं होतं. लाऊडस्पीकरवर पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन मांडवात यावं." मावशी खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात पलीकडून फेटा बांधलेला चुलतभाऊ सुरेखाचा हात धरून आला. मावशींनी धोतराचा सोगा सारखा केला, जणू त्यासाठीच उठले होते, आणि बसले.

मग आहेर झाले. मावशींच्या हातात जांभळी साडी आली तशी पोरं ओरडायला लागली, "मावशी, नेसून दाखवा!" मावशी हसले. धोतर-सदऱ्यावरच साडी नेसले, पदर सावरला, मांडवाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून आले. गंगाक्का तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. चालतीया का, हे मात्र त्या दिवशी त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

चार दिवसांनी ते दुकानात आले. अप्पा बिचारे कोपऱ्यातला फेटा काढायला उठले. "आमच्याकडून घे रतन, आम्ही बांधतो," म्हणाले. मावशींनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या अप्पा. घडी मोडू नका." जांभळ्या साडीची त्यांनी त्या पावसाळ्यात गोधडी करून घेतली. फडही पुढे बंद पडले, यात्रेत मोठे स्पीकर आणि कमी कपड्यांची गाणी आली, तरी गोधड्या चालू राहिल्या. लोक जुन्या साड्या आणून द्यायचे. मावशी घ्यायचे आणि परत जाताना फेट्यांच्या फळीकडे बघायचे नाहीत.

अप्पा गेले. फेटा तसाच राहिला, विकावा असं मला कधी वाटलं नाही. गेल्या हिवाळ्यात मावशीही गेले. टोळ्या कारखान्यावर होत्या, त्यामुळे दारात जमली ती म्हातारी माणसं आणि वसतिगृहातली लेकरं. पूर्वीच्या गोधड्यांतल्या मुली आता बाया होऊन आल्या होत्या. प्रत्येकीने मावशी म्हणून साडीच आणली होती. त्यांचं काय चुकलं? माया होती म्हणूनच आणली. मावशींच्या अंगावर साड्यांचा ढीग झाला होता.

मी दुकान बंद करून तिकडे निघणार, तेवढ्यात एसटीतून उतरून गंगाक्का आणि सुरेखा थेट माझ्याकडे आल्या. गंगाक्का थकली होती. तिने विचारलं, "अप्पांनी ठिवलेला फेटा हाय का रं अजून?"

मी काढून दिला. घडीघडीवर रंग उडाला होता. ती त्या पांढुरक्या रेघांवरून बोट फिरवत राहिली. "त्यो कवा बोलला न्हाई मला," ती म्हणाली. "एकदा तरी म्हणायचं, गंगे, मला उभं कर म्हणून. भांडले असते मी घरात. साडी नेसून हासला, मला वाटलं, लई खूश हाय."

मावशींच्या घरी तिने चेहऱ्याजवळच्या साड्या हलक्या हाताने बाजूला केल्या. डोंगरातून आलेल्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मावशींचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि सावकाश एकेक वेढा देत फेटा बांधला. बांधून झाल्यावर त्याने विचारलं, "बसला का नीट?"

गंगाक्का जरा मागे सरून बघत राहिली. "बसला," ती म्हणाली. "सुरेखाचा मामा दिसतूय."

सुरेखा तिच्या शेजारीच उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि मान वर केली नाही.