वऱ्हाड उतरलं ते हॉटेल

कूलर बंद पडला की तो त्याच्या टपावर दोन थापा मारायचा आणि पाहुण्याकडे वळून म्हणायचा, "होऊन जाते नं जी, टेन्शन कायले घेता?" थापांनी कूलर कधीच सुरू झाला नाही. पाहुणा मात्र थोडा वेळ थंड व्हायचा.

असे हॉटेल मॅनेजर तुम्हीही पाहिले असतील. हा मला भेटला भाचीच्या लग्नात. पुण्याचं वऱ्हाड नागपुरात उतरवायचं होतं, तेही मे महिन्यात. भाचीचे वडील, म्हणजे माझे भाऊजी, त्या हॉटेलपासून चार गल्ल्यांवर राहतात. पण असल्या उन्हात बघायला कोण जाणार? घरच्या कूलरसमोर लोळत, मोबाइलवर फोटो पाहून त्यांनी सगळ्या खोल्या ठरवून टाकल्या. मी शेजारीच होतो. मॅनेजर फोनवर विनवत होता, "एकदा येऊन पाहून घ्या जी." भाऊजी म्हणाले, "पाहून राहिलो नं गा फोटोत!"

फोटोत पोहण्याचा तलाव होता. प्रत्यक्षात गच्चीवर पाण्याची टाकी होती आणि तीही कोरडी. लिफ्ट पहिल्या मजल्यापर्यंत न्यायची, पुढे ज्याचे त्याचे पाय. डिलक्स खोलीत एक मोठा आरसा जास्त होता, म्हणजे आपली अवस्था आपल्याला नीट पाहता यावी.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाची आई बॅग घेऊन घामाघूम खाली आली. "मुलीच्या वडिलांनी हे हॉटेल डोळ्यांनी पाहिलं तरी होतं का? आमची एवढीच किंमत असेल, तर आम्ही परत निघतो."

तिकडे भाची नटून बसली होती. इकडे भाऊजी माझ्याकडे बघू लागले.

तेवढ्यात मॅनेजर काउंटरमागून पुढे आला. "त्यायले काहून बोलता बाई? ते दोनदा पाहून गेले. मीच त्यायले दुसऱ्या खोल्या दाखवल्या अन् तुमाले ह्या देल्या. फसवलं मी."

मग काय! पुण्याची शुद्ध भाषा कुठवर खाली उतरू शकते, ते तेव्हा कळलं. नवरदेवाच्या मावसभावांनी त्याचा कबुलीजबाब मोबाइलवर टिपून घेतला. तो हात जोडून उभा. राग पुरता निघाल्यावर विहीणबाई भाऊजींना म्हणाल्या, "तुम्ही फारच साधे हो!" लग्न वेळेवर लागलं.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "असं कशाला सांगितलंत?"

"हॉटेलवाल्याले शिव्या भेटतेतच जी. पोरीच्या बापाले काहून भेटाव्या?" एवढं बोलून तो तर्री-पोह्यांचं पातेलं बघायला गेला.

दिवाळीत मी मिठाईचा डबा घेऊन त्याला भेटायला गेलो. काउंटरवर नवा माणूस होता. "त्याले काढलं नं. फसवतो म्हणून सोताच कबूल झाला, व्हिडिओ फिरून राहिला होता. मालक ठेवते का मग?" तो कुठं गेला, हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं.

विहीणबाई आजही प्रत्येक कार्यात ती गोष्ट रंगवून सांगतात, नागपूरच्या एका लबाड मॅनेजरनं आमच्या भोळ्या व्याह्यांना कसं गंडवलं ते. भाऊजी मान खाली घालून जेवत राहतात. परवा मात्र त्यांचा घास हातातच राहिला.

"जेवा हो," विहीणबाई मायेनं म्हणाल्या, "असल्या माणसाचं काय एवढं मनाला लावून घेता?"