वीतभर उघडी शिवण

माझा दादा गाद्या करायचा आणि मी त्याच दुकानात खोळी शिवायचे. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे माझं शिलाई मशीन, मागे जाळीपलीकडे कापूस पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की आम्ही खुणांनी बोलायचो. संध्याकाळी दोघांच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. "आले दोघं म्हातारे," वहिनी दारातच म्हणायची. आता माझ्या भुवया खरोखर पांढऱ्या झाल्यात, पण तसं म्हणायला वहिनी नाही आणि शेजारी दादा नाही.

दादाची एक रीत होती. गादी भरून झाली की तो एका कडेची वीतभर शिवण उघडी ठेवायचा. गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "हात घाला. आत काय आहे ते बघा." गिऱ्हाईकाचं समाधान झालं की त्याच्या डोळ्यांदेखत दाभणाने उरलेले टाके घालायचा.

मला ही रीत मुळीच आवडायची नाही. लोक काय, हात म्हटलं की खांदा घालणार! एक गृहस्थ मूठभर कापूस बाहेर काढून हुंगत बसायचे. एका बाईंना वाटलं अंगठी आत राहिली, तर दादाने सगळी गादी उसवली, आणि अंगठी सापडली बाईंच्याच पिशवीत. मी चिडले की दादा हसायचा. "अगं, झोपणार ते आहेत. त्यांना कळायला नको, कशावर झोपतोय?"

कापूस द्यायचा दादाचा शाळेपासूनचा दोस्त. दोघं एका बाकावर बसलेले, एकमेकांच्या लग्नात राबलेले. एकदा आमचं यंत्र बिघडलं आणि नेमकी तेव्हाच बाळंतपणाच्या हॉस्पिटलची मोठी ऑर्डर आली. दोस्त म्हणाला, "मी पिंजलेला कापूस पाठवतो, गुंडाळ्या करून. तू फक्त भर." दादाने तशाच्या तशा भरल्या. मेट्रनबाई गाद्या न्यायला आल्या तेव्हा त्याने नेहमीप्रमाणे शिवण पुढे केली. "इतक्या वर्षांनी हात घालून बघू? लाजवू नका हो," असं म्हणून त्या गाद्या घेऊन गेल्या.

यंत्र दुरुस्त झालं तशी दादाने उरलेली गुंडाळी मोकळी केली. वर पांढराशुभ्र कापूस आणि पोटात जुन्या रजयांचा चोथा. लाल-हिरव्या चिंध्यांचे दोरे, गाठी, कुबट वास. दादा खालीच बसला. मी आयुष्यात त्याला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"गळा कापला तुझ्या दोस्ताने. केसाने कापला," मी म्हटलं. "जाऊन जाब विचार."

"काय विचारू? त्याची गुंडाळी मी उघडून बघणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्याने पाठवलं."

घरी वहिनीने जेवण वाढता वाढता सांगितलं, "अजून कुणाची तक्रार नाही ना? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसा." खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. पोट त्या दुकानावर होतं, माझंसुद्धा.

दादा ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही. "तिथं बाळंतिणी निजतात गं," एवढंच म्हणाला. सकाळी तो हॉस्पिटलमध्ये जाऊन मेट्रनबाईंना सगळं सांगून आला.

गाद्या परत आल्या त्या हातगाड्यांवरून, भर बाजारातून, लख्ख उन्हात. एरवी शेजारच्याच्या घरी काय शिजलं ते विचारायला येणारे लोक आता लांबूनच बघत राहिले. "अख्खा माल परत आला म्हणे." कारण कोण विचारतो? स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा तो असा. गिऱ्हाईक तुटलं. ठरलेली कामंसुद्धा लोक काढून न्यायला लागले. मी मशीनवर कोपर टेकून माशा मारत बसायचे आणि पलीकडे दादा एकेक गादी उसवायचा. नवा कापूस कसा आणला ते वहिनीला आणि सोनाराला ठाऊक. ती नंतर एका शब्दाने बोलली नाही. उलट स्वतः येऊन माझ्या शेजारी कापूस निवडायला बसली.

गाद्या पुन्हा भरून झाल्या. मेट्रनबाई आल्या. काय होतंय ते बघायला रस्त्यावरचे लोकही दाराशी रेंगाळले. दादाने पहिली गादी पुढे ओढली, कडेची वीतभर शिवण उघडी.

"शिवून टाका," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत. आता काय बघायचं? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

मला वाटलं, वाचलो. झालं, घाल बाबा टाके. पण दादाने दाभण खाली ठेवलं.

"माझाही होता त्याच्यावर," तो म्हणाला. "म्हणून तर गुंडाळी उघडली नाही. हात घाला, बाई."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाही वर सारली आणि हात घातला. मग दुसऱ्या गादीत, मग तिसऱ्या. एकही सोडली नाही. दादा प्रत्येकीपाशी उभा राहिला, आणि बाईंनी मान हलवली की टाके घालत गेला.

पुढचे काही दिवस पुन्हा शुकशुकाट होता. मग एका सकाळी ते हुंगणारे गृहस्थ आले. गादी सांगून गेले, तयार झाल्यावर न्यायला आले आणि खांद्यापर्यंत हात घालून आतला कोपरा न् कोपरा चाचपत बसले. दादा शांतपणे दाभणात दोरा ओवत होता. मला पहिल्यांदाच राग आला नाही.

"सावकाश बघा," मी म्हटलं. "फक्त अंगठी तेवढी काढून ठेवा."