चेतनाच्या पाठीतलं हाड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तिरोड्याच्या कॉलेजात जन्मभर ग्रंथपाल होतो. या विषयावरची पुस्तकं वाचकांना हसतमुखाने दिली, स्वतः फक्त त्यांची धूळ झटकली. तरी हे लिहितोय... कारण ते भर दिवसा घडलं आणि मी तिथे पूर्ण शुद्धीत होतो.

माझी बहीण कामठ्याला दिली आहे. तिची मुलगी चेतना, वय चौदा. तिचा मणका एका बाजूला वाकत चालला होता — स्कोलिओसिस. वाक वाढतच होता. ऑपरेशन केलं नाही तर पुढे श्वासालाही त्रास होईल, असं सांगितलं होतं. नागपूरच्या एका हॉस्पिटलात ठरलं. मोठे डॉक्टर खोलीत आले ते पालखी निघावी तसे... मागे ज्युनिअर, ज्युनिअरांमागे सिस्टर, आणि पुढे सेंटचा वास.

पण माणूस समजावून सांगणारा निघाला. सळ्या-स्क्रू मणका सरळ धरतात. मणके एकमेकांना कायमचे जुळायला मात्र हाडाचे बारीक तुकडे भरावे लागतात. ते चेतनाच्याच कमरेतून काढायचे, म्हणजे आणखी एक चीर. नाहीतर बोन बँकेतलं, दान मिळालेलं, स्वच्छ केलेलं हाड वापरायचं. "या वयात दोन्हींनी जुळतं. मी दुसरं सुचवेन."

"दान मंजे मेलेल्या माणसाचं?" चेतनाचे वडील, हेमराज भाऊजी, यांनी विचारलं.

"हो."

"मेलेल्याची हाडं आमी वैनगंगेत सोडतो, साहेब. पोरीच्या पाठीत कायले?"

"मग तिच्या कमरेतून काढू."

चेतनाने माझा हात घट्ट धरला. "मामा, दोन-दोन जागी नोको न..."

भाऊजींनी सरळ शर्ट वर केला. "मंग माझ्या कमरेतलं घ्या. धानाचे पोते उचलून पक्कं झालं आहे."

ज्युनिअर हसले. जिवंत नातेवाइकाचं असं घेत नाहीत, गरजही नाही, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळपर्यंत मी भाऊजींशी वाद घातला. शेवटी त्यांनी दान मिळालेल्या हाडाला होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनाला आत नेलं. दार बंद झाल्यावर भाऊजींनी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं, "माझ्या कमरेचं हाड पोरीले देलो," म्हणाले, आणि सोडलं. दान देताना आमच्याकडे पाणी सोडतात, पण नदीकाठी किंवा देवापुढे... हॉस्पिटलच्या फरशीवर नाही.

"ओ भाऊ! आत्ताच पोछा मारला न मी!" सफाईवाल्या मावशी ओरडल्या.

भाऊजी ओशाळून बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. टाके पाहिले की बहिणीला भोवळ येते, म्हणून आयसीयूत मी गेलो. चेतनाने डोळे किलकिले केले.

"मामा... बाबाले म्हणा, उठू नका. उजव्या कमरेतून काढलं न त्यांच्या."

गुंगीत माणूस काहीही बोलतो. मी हसलो, बाहेर आलो आणि भाऊजींना हाक मारली. ते उठायला गेले आणि उजवी बाजू धरून खाली बसले. शर्ट वर केला तर कमरेच्या हाडावर तळहाताएवढा काळानिळा डाग. डॉक्टरांनी दाबून पाहिला. "हाड काढायचं असतं तर चीर इथेच दिली असती," असं ते बोलून गेले, आणि मग बोलल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखे लगबगीने निघाले. एक्स-रेत काहीच नाही.

बाकाची कड रुतली असेल, हे मीच आधी म्हटलं. हाड देऊ करणं चेतनाने आदल्या दिवशी ऐकलं होतं, हेही खरं. पण पाणी सोडलं तेव्हा ती आत होती, तिला त्याबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. आणि उजवी बाजू? डाग तर मीही तोवर पाहिला नव्हता. एवढी पुस्तकं हाताखालून गेली, याचं उत्तर एकातही सापडलं नाही.

ऑपरेशनला आता वर्ष होत आलं. परवा कामठ्याला गेलो होतो. चेतना सायकलवर शाळेत निघाली होती, ताठ. भाऊजी बांधावर बसताना अजून उजवी कंबर धरतात.

"अजून दुखते?" मी विचारलं.

"दुखते न." ते सायकलीकडे पाहत होते. "दुखू द्या जी. पोरगी कशी सरळ बसून सायकल चालवून राहिली, ते पाहा."