गोठ्यातला जर्मनचा गिलास

लातूर नवा जिल्हा झाला, त्याच्या पाठोपाठ दुष्काळही नवाकोरा आला. आमच्या गावची विहीर इतकी आटली, की तळातला बेडूक शाळेत नाव घालायला आला. जन्मदाखला नव्हता म्हणून मी परत पाठवला. ही थाप मी अशी सांगायचो, की दोघातिघा पोरांनी तो बेडूक बघितलाही होता. मी गावचा गुरुजी. माझ्या थापा पोरं गिळायची, म्हणून वाटलं, एक खरी गोष्टही गिळतील.

टँकरचं पाणी एकच. पण शाळेत बौद्धवाड्यातली पोरं ओंजळीनं प्यायची, बाकीची गिलासानं. मी फर्मान काढलं. प्रत्येकानं घरून गिलास आणायचा, सगळे एका बादलीत टाकायचे, डोळे मिटून हाताला लागेल त्यात प्यायचं.

"जात पाण्यात उतरत असंल तर बुडबुडा येईल. ज्याला दिसंल त्याला माझी सायकल!"

दुसऱ्या दिवशी पोरं खिदळत प्याली. पाटलाचा नातू तर बुडबुडा शोधत तीन गिलास प्याला. मी फुगून बैल झालो होतो.

मग बौद्धवाड्यातल्या एका तिसरीतल्या पोरीच्या हाताला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, गिलास लागला, म्हशीच्या खुरानं चेपलेला. तिनं तो फिरवून बघितला.

"गुरुजी, ह्यो तर तुमच्या गोठ्यातला हाय. माय शेण काढायला येती, तवा ह्याच्यातच चहा देत्यात तिला."

माझी लेक पुढच्याच रांगेत. "आईनं दिला, दादा. म्हणली, चांगला गिलास त्या बादलीत नगं."

मी तो गिलास घेतला, भरला, घटाघटा प्यालो. पोरांनी टाळ्या पिटल्या. ती पोरगी नुसती बघत होती.

घरी बायकोनं गिलास राखेनं घासला आणि पुन्हा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवला.

"अहो, असं काय बघायलात?"

"काही नाही," मी म्हणालो.

सकाळी ती पोरगी शाळेच्या दारातच उभी. "गुरुजी, फेकला का हो त्यो गिलास?"

"फेकला की! असा भिरकावला, पार देगलूरला जाऊन पडला."

तिची माय तेव्हा आमच्याच गोठ्यात होती, त्याच गिलासात चहा पीत.

दुसऱ्या दिवशी बादली गिलासांनी भरलेली होती. ती पोरगी ओंजळीनं प्याली.