हक्कसोडीची साडी

आमच्याकडं बहिणीला लुटायचं असलं की आधी तिला साडी नेसवतात. नायगावला पाहिलं, अहमदपूरला पाहिलं, लातूरच्या वस्त्यांत तर दर बैठकीला ऐकलं. ना पंचमी ना दिवाळी, आणि भाऊ गाडी घेऊन दारात. पुरणाचं जेवण, नवी साडी, ओटी. मग सगळ्यांनी निबंधक कार्यालयात जायचं आणि बापाच्या जमिनीतला आपला वाटा बहिणीनं भावासाठी सोडायचा. कागदावर याला हक्कसोड म्हणतात, गावात माया म्हणतात. मला त्या पुरणाची शिसारी येते.

आमच्या संस्थेनं लातूरला घेतलेल्या बायकांच्या एका बैठकीत मी हेच बोलत होते. पत्रकं वाटून झाली होती. मुलीलाही मुलाइतकाच वाटा, ठळक अक्षरांत. मागून एक बाई म्हणाली, "ताई, माझा भाऊ बुधवारी येणार हाय."

ती विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायची. नवऱ्यानं दुसरी केलेली, म्हणून लेकीला घेऊन भाड्याच्या खोलीत राहायची. चाकूरजवळच्या गावात तिचा बाप वारला, सातबाऱ्यावर भावाबरोबर हिचंही नाव लागलं, आणि दोन वर्षं फोन न करणाऱ्या भावाला एकदम आक्का आठवली.

"सही करू नका," मी म्हणाले.

"मग माहेर?"

"कायद्यानं तुम्हाला..."

"कायदा पंचमीला न्यायला येतो का गं?" शेजारची म्हातारी म्हणाली. बायका हसल्या. मीही हसले, कारण पत्रकात याचं उत्तर नव्हतं. शेवटी एवढंच सांगितलं, की कागद पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, आणि बुधवारी मी येते.

चाकूरच्या कार्यालयाबाहेर त्या दिवशी अशी तीन कुटुंबं होती. प्रत्येकात एखादी बाई करकरीत साडीत, कडेला बसवलेली. बाजारात आणलेल्या जनावराला सजवतात तसं. हिच्या भावानं मलाही चहा दिला.

"म्याडम, आमच्यात भांडण न्हाई. आक्काच सोडायलीय."

"आक्का कधी म्हणाली?"

"म्हणायला लागतंय व्हय? बहीण हाय ती."

त्यांची आई पदरानं वारा घेत बसली होती. लेकीकडं एकदाही बघितलं नाही. भावापेक्षा मला तिचाच राग जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही.

आत कागद लिहिणाऱ्यानं भराभर वाचायला घेतलं. गट नंबर, चतुःसीमा, मग "मी माझ्या स्वखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता..."

"थांबा," ती म्हणाली. "ते खुशीचं खोडा. सही करते मी, पन खुशी न्हाई मला."

"तसं लिहावंच लागतं, बाई."

"खोटं कशाला लिहायचं?"

"आक्का, चार लोकांत तमाशा करू नको," भाऊ दात आवळून म्हणाला.

इतका वेळ मान वर न करता शिक्के मारणाऱ्या साहेबांनी तिच्याकडं बघितलं. "बाई, खुशीनं देताय का?"

"न्हाई."

त्यांनी कागद बाजूला सारला आणि पुढच्यांना हाक मारली.

बाहेर येताच भाऊ म्हणाला, "साडी धाडून दे घरी. तुझ्या वहिनीनं घेतलीय." आई गाडीत बसली. सकाळी दारातून उचलून आणलेल्या बहिणीला स्टँडवर सोडण्याइतकीही माया शिल्लक नव्हती.

स्टँडवर मी आमच्या ऑफिसला फोन केला. तिकडून पहिलं वाक्य आलं, "फोटो घे, यशोगाथेला चालेल." मी निर्लज्जासारखा मोबाइल तिच्यासमोर धरलाही.

"आज माझी माय मला मेली," ती म्हणाली, "अन् तुमी फोटो काढायल्या?"

मोबाइल पिशवीत टाकला. इतका वेळ दुसऱ्यांची किळस करत होते, आता स्वतःची आली.

लातूरची गाडी लागली. आम्ही चढून बसलो. मग तिनं विचारलं, "सातबाऱ्यावर नाव अजून हाय ना?"

"हाय."

"वाटणी मागायची तर कुठं जायचं?"

"भाऊ राजी असला तर तहसीलला. नसला तर कोर्टात."

"मग कोर्टाचंच सांगा," ती म्हणाली. "सोमवारी मेसला सुट्टी मागते."